दोनापावल, ताळगाव आणि तक्रारीच्या दोन वाटा

संशोधनासाठी आलेल्या सरकारी पैशाची अफरातफर बहुतेकदा कागदावरच होते. पैसा हप्त्यांनी येतो, आणि आधीच्या रकमेचे काय केले याचे उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे ते आर्थिक वर्ष संपल्यावर 12 महिन्यांत पोचायला हवे. निधी देणारे खाते दिल्लीत आणि यंत्र गोव्यात, त्यामुळे सगळी भिस्त त्या कागदावर. मग मार्चअखेर न आलेल्या यंत्राचे बिल चुकते होते, तीन कोटेशने एकाच दुकानातून निघतात, प्रयोगशाळेत कधी न दिसलेल्या प्रकल्प सहायकाचे मानधन जमा होते. हे आधी कळते ते स्टोअरकीपरला, लेखा विभागातल्या कारकुनाला किंवा पीएचडी करणाऱ्या मुलीला. तिचा प्रबंध प्रकल्प चालवणाऱ्या मार्गदर्शकाच्याच सहीवाचून पुढे सरकत नाही, हे विसरून चालणार नाही.

अमेरिकेने अशी अफरातफर उघड करणाऱ्या माणसाला 1863 पासून कायद्याचा हात दिला आहे. यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांविरुद्ध तो कायदा झाला. सरकारच्या वतीने दावा लावणाऱ्या नागरिकाला वसुलीत वाटा मिळतो. 2019 मध्ये ड्यूक विद्यापीठाने खोट्या विदेवर (संशोधनाच्या डेटावर) मिळवलेल्या अनुदानांच्या प्रकरणात 11.25 कोटी डॉलर भरले. दावा लावणारा तिथल्याच प्रयोगशाळेतला विश्लेषक होता.

आपल्याकडे वाट उघडली ती एका मृत्यूनंतर. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार अभियंता सत्येंद्र दुबे यांनी थेट पंतप्रधानांना कळवला होता, नाव गुप्त ठेवण्याच्या विनंतीसह. पत्र कार्यालयाकार्यालयांतून फिरले. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्यांचा खून झाला. न्यायालयाने तो लुटीतून झाल्याचे धरून तिघांना शिक्षा केली. पण नाव फुटले ही गोष्ट देश विसरला नाही. एप्रिल 2004 मध्ये केंद्राने ठराव काढून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या. तक्रारदाराने नाव द्यायचे, आयोगाने ते गुप्त राखायचे.

गोव्यात खरी अडचण इथे सुरू होते. ठराव पैसा कोणाचा हे पाहत नाही, नोकर कोणाचा हे पाहतो. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था केंद्राची, म्हणून तिथल्या कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार आयोगाकडे जाऊ शकते. जवळच ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ आहे, ते राज्याचे. तिथे केंद्राच्याच अनुदानातला प्रकल्प असला, तरी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याविरुद्धची तक्रार या ठरावात बसत नाही. (दोन्ही नावे फक्त रचना समजावी म्हणून घेतली आहेत.) दोघांनाही कवेत घेणारा जागल्या (म्हणजे गैरव्यवहार उघड करणारा) संरक्षण कायदा 2014 मध्ये राष्ट्रपतींच्या सहीपर्यंत पोचला, पण अंमलात आलाच नाही. एकाच पैशासाठी दोन तक्रारदारांना असे वेगळे वागवणे मला अन्यायाचे वाटते.

राज्याच्या बाजूला उरतात दक्षता खाते आणि लोकायुक्त. माहिती अधिकाराचा कायदा गोव्याने देशाच्या आधी, 1997 मध्येच केला होता, म्हणून इथे अपेक्षाही जास्त. प्रत्यक्षात न्या. पी. के. मिश्रा यांनी 2020 मध्ये लोकायुक्तपद सोडताना, आपल्या 21 अहवालांवर सरकारने कारवाई केली नाही, असे जाहीरपणे सांगितले. पुढच्या वर्षी विधानसभेने दुरुस्ती करून लोकायुक्तांचे अधिकार आणखी कमी केले.