कललेला डेटा आणि बिघडलेला डेटा: रूपांतर नेमके कोणाचे करावे?

साकीनाका, भांडुप, वागळे इस्टेट अशा पट्ट्यांतील यंत्रशाळांकडून ग्राहकाला जाणाऱ्या क्षमता-अहवालांत (प्रक्रिया ठरलेल्या मर्यादांत माल देऊ शकते का, हे सांगणारे अहवाल) एकच गोंधळ पुन्हा पुन्हा आढळतो. मापे नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराच्या, वितरणात बसतात का हे तपासणाऱ्या अँडरसन-डार्लिंग चाचणीचे पी-मूल्य ०.०५ च्या खाली गेले (म्हणजे मापे बसत नाहीत असे ठरले) की सॉफ्टवेअरमध्ये मापांना नॉर्मल आकारात आणणारे जॉन्सन रूपांतर निवडले जाते, पी-मूल्य वर येते, पीपीके (मर्यादेपर्यंतचे अंतर मापांच्या पसाऱ्याच्या तुलनेत सांगणारा क्षमता-निर्देशांक) १.३३ ओलांडतो आणि अहवाल रवाना होतो. डेटा नॉर्मल का नाही, हा प्रश्न मध्ये कोणीच विचारत नाही. सीपीके आणि पीपीके या निर्देशांकांची सूत्रे वाचकाला पाठ असतील, म्हणून ती येथे देत नाही.

काही मापे मुळातच एका बाजूला कललेली असतात. शाफ्टचा रनआउट (फिरताना होणारी डगमग), पृष्ठभागाची सपाटी, गोलाई ही मापे शून्याखाली जाऊ शकत नाहीत, त्यामुळे प्रक्रिया उत्तम चालली असतानाही त्यांची शेपटी उजवीकडे लांबते. समजा, रनआउटचे वितरण लॉगनॉर्मल (म्हणजे मापांचा लॉग घेतला की नॉर्मल) आहे, मध्यक ०.०१० मिमी, लॉग मूल्यांचे प्रमाण विचलन ०.५ आणि वरची मर्यादा ०.०५० मिमी. कच्च्या आकड्यांवर नेहमीचे सूत्र लावले तर निर्देशांक सुमारे २.१३ येतो. मापे आणि मर्यादा या दोन्हींचा लॉग घेतला तर तोच निर्देशांक १.०७ वर उतरतो, आणि दहा लाखांत सुमारे ६४० नग मर्यादेबाहेर जाणार हे उघड होते. येथे रूपांतर आवश्यकच आहे. त्याने अहवाल सजत नाही, खरा होतो.

बिघडलेल्या डेटाची गोष्ट अगदी वेगळी आहे, आणि फसगत होते ती इथेच. लेथवर बाहेरचा व्यास कापताना इन्सर्ट (कापणारे पाते) झिजत जातो तसा व्यास वाढत जातो, ऑपरेटर ऑफसेट देतो (हत्याराची जागा सुधारतो), व्यास खाली येतो आणि पुन्हा चढू लागतो. अशा मापांचा हिस्टोग्राम पसरट दिसतो. दोन यंत्रांचा माल एकाच ट्रेमध्ये पडला, तर त्याच हिस्टोग्रामला दोन उंचवटे येतात. नॉर्मॅलिटीची चाचणी या दोन्ही डेटांना नापास करते आणि कललेल्या रनआउटलाही नापास करते, कारण मापे कोणत्या क्रमाने आली हे तिला दिसतच नाही. सगळी मापे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात ढवळली आणि पुन्हा चाचणी केली, तरी पी-मूल्य तेच येईल. मापे आलेल्या क्रमाने मांडणारा कंट्रोल चार्ट मात्र त्या ढवळण्याने पार बदलून जाईल, कारण त्याचा सगळा आधार क्रमावर आहे. जॉन्सनच्या कुळातील एसबी हा प्रकार इतका लवचीक आहे की तो दोन उंचवट्यांचे वितरणही सामावून घेऊ शकतो. म्हणजे रूपांतरानंतर चाचणी पास होते, दोन यंत्रांमधला फरक जागच्या जागी राहतो आणि तो आता कोणाच्या नजरेसही पडत नाही. अस्थिर प्रक्रियेचा पीपीके उद्याच्या मालाबद्दल काहीही सांगत नाही, मग तो कितीही मोठा असो. म्हणून आधी कंट्रोल चार्ट काढावा, यंत्रानुसार आणि पाळीनुसार मापे वेगळी करून पाहावीत, आणि प्रक्रिया स्थिर असूनही कल उरला तरच रूपांतराचा विचार करावा.

बॉक्स-कॉक्स की जॉन्सन, हा वाद त्यामानाने दुय्यम आहे. १९६४ चे बॉक्स-कॉक्स केवळ धन मापांवर चालते. १९४९ ची जॉन्सन पद्धत ऋण मापेही घेते. माझी पसंती स्पष्टपणे बॉक्स-कॉक्सला आहे, तेही लॅम्डा हा त्याचा घातांक ० (म्हणजे लॉग) किंवा ०.५ (म्हणजे वर्गमूळ) असा सोपा धरून, कारण लॉग किंवा वर्गमूळ का घेतले हे ऑपरेटरपासून ऑडिटरपर्यंत कोणालाही समजावता येते, तर जॉन्सनचे चार प्राचल मापांचा दुसरा संच घेतला की बदलतात.

मापांचे रूपांतर करून मर्यादा मूळ एककातच ठेवणे ही चूक अक्षम्य आहे. रनआउटला खालची मर्यादा म्हणून शून्य भरणेही तितकेच चुकीचे: शून्य ही निसर्गाची सीमा आहे, ड्रॉइंगवरील अट नव्हे, आणि शून्याचा लॉग घेताही येत नाही. तो रकाना रिकामा ठेवावा आणि केवळ वरच्या मर्यादेचा निर्देशांक, म्हणजे पीपीयू, नोंदवावा.