ब्रीकी

ग्रीसमध्ये कॉफी उकळण्यासाठी वापरले जाणारे लांब दांड्याचे छोटे भांडे. बूड रुंद, गळा आवळलेला आणि काठाला ओतण्यासाठी चोच, असा त्याचा घाट असतो. पूर्वी ते तांब्याचे किंवा पितळेचे असे व त्याला आतून कल्हई करीत. आता स्टीलचे सर्रास दिसते. बारीक दळलेली कॉफी, साखर आणि गार पाणी त्यात एकदमच घालून मंद आचेवर ठेवतात. गळा अरुंद असल्याने फेस दाटून वर येतो. तो उतू जाण्याआधी भांडे उतरवायचे. या फेसाला ‘काइमाकी’ म्हणतात. मूळ तुर्की ‘कायमाक’, म्हणजे साय.

‘ब्रीकी’ हा शब्दही बाहेरचाच, आणि लिहिण्यातूनच ते कळते. बीटा या ग्रीक अक्षराचा उच्चार आज ‘व’ होतो, म्हणून ‘ब’ लिहायला म्यू व पी ही दोन अक्षरे जोडावी लागतात. तुर्की ‘इब्रिक’मधला पहिला स्वर गळाला, शेवटी ग्रीक वळणाचा ‘ई’ लागला. तुर्कीत हा शब्द अरबीतून आला. कुराणात (५६:१८) स्वर्गातील पेयपात्रांच्या वर्णनात त्याचे ‘अबारीक’ हे अनेकवचन आहे. अरबीने तो फार्सीकडून घेतला: ‘आब’ म्हणजे पाणी, ‘रेख्तन’ म्हणजे ओतणे. मराठेशाहीतल्या आबदारखान्यातला ‘आब’ हाच, आणि संस्कृत ‘अप्’ त्याच्याच कुळातला. ‘रेख्तन’चे नाते संस्कृत ‘रिच्’शी आहे, ज्यातून ‘रिक्त’ आणि आपला ‘रिता’ निघाले. गंमत अशी, की प्राचीन ग्रीकमधले ‘लेइपो’ (सोडणे) हे क्रियापदही त्याच मुळाचे. म्हणजे उसन्या शब्दाचा अर्धा भाग ग्रीकच्या नात्यातलाच निघतो.

अर्थ मात्र वाटेत बदलला. तुर्कीत इब्रिक म्हणजे हातपाय धुण्याची चोचीची झारी. कॉफीच्या भांड्याला तिथे ‘जेझवे’ म्हणतात, जो अरबीतल्या निखाऱ्याच्या शब्दावरून आला. ग्रीकांनी झारीचे नाव कॉफीच्या भांड्याला दिले. सायप्रसमधल्या ग्रीक बोलीत तुर्कीला जवळचा ‘जिझवेस’ चालतो. १९७४ साली तुर्कस्तानने सायप्रसवर आक्रमण केल्यानंतर ग्रीसमध्ये ‘तुर्की कॉफी’ हे नाव मागे पडून ‘ग्रीक कॉफी’ रूढ झाले; ब्रीकीच्या नावाला मात्र कोणी हात लावला नाही.

‘आम्ही काय इथे ब्रीक्यांना डाख लावत बसलोय?’ अशा अर्थाचा वाक्प्रचार ग्रीकमध्ये आहे. आपल्याला कामातले काही कळत नाही असे समजणाऱ्याला तो ऐकवतात.