कोडमधल्या जागेची खूण

मोठ्या प्रोग्रॅममध्ये काम करताना कोड लिहिण्याइतकाच वेळ त्यातली नेमकी जागा शोधण्यात जातो. एखादे फंक्शन कुठे लिहिले आहे, ते कुठून वापरले जाते आणि मघाशी आपण जिथे होतो तिथे परत कसे जायचे, हे प्रश्न दिवसातून कितीतरी वेळा पडतात. बुकमार्कची, म्हणजे कोडमधल्या जागेवर खूण ठेवून तिथे परत येण्याची सोय या गरजेतून आली, पण तिच्या मुळाशी एक अवघड प्रश्न आहे: मजकूर सतत बदलत असताना त्यातली जागा ओळखायची कशावरून?

सर्वांत जुने उत्तर क्रमांकाचे होते. फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत कोडची एकेक ओळ छिद्रे पाडून ज्यावर नोंदवत, त्या 80 स्तंभांच्या पंचकार्डावर 73 ते 80 हे स्तंभ अनुक्रमांकासाठी मोकळे असत. कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, ते वाचत नसे, पण गठ्ठा विस्कटला तर कार्डे त्यांच्या आधारे पुन्हा क्रमाने लावता येत. 1964 साली डार्टमथ महाविद्यालयात सुरू झालेल्या बेसिक भाषेत ओळीचा क्रमांक हाच दुरुस्तीचा पत्ता होता आणि प्रोग्रॅम चालताना उडी मारण्याचे ठिकाणही तोच होता. मागाहून नव्या ओळी घालता याव्यात म्हणून लोक 10, 20, 30 असे अंतर सोडून क्रमांक देत. क्रमांक मजकुराचाच भाग असल्यामुळे तो आपोआप सरकत नसे, आणि अंतर संपले की पुढच्या ओळींना नव्याने क्रमांक द्यावे लागत.

1969 साली केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्जमध्ये युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेल्या ‘ईडी’ या एडिटरमध्ये (मजकूर लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या प्रोग्रॅममध्ये) क्रमांक मजकुरात नव्हते, ते एडिटर मोजून काढत असे. त्यामुळे वर एक ओळ घातली की खालच्या सगळ्या ओळींचे क्रमांक बदलत. यावर ‘के’ ही कमांड होती: ओळीला एक लहान इंग्रजी अक्षर जोडायचे आणि पुढे त्या अक्षरानेच तिला हाक मारायची. खूण क्रमांकाला नव्हे तर ओळीला चिकटलेली असल्यामुळे ओळ सरकली तरी तिच्यासोबत खूणही सरकत असे. माझ्या मते आजच्या बुकमार्कची खरी सुरुवात इथे आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत बिल जॉय यांनी घडवलेल्या ‘व्हीआय’ या एडिटरने हाच वारसा पडद्यावर आणला. त्यात ‘एम’ आणि एक अक्षर दाबले की खूण होते. पुढे एका चिन्हाने त्या ओळीवर, तर दुसऱ्याने नेमक्या त्याच अक्षरावर जाता येते. शिवाय, लांब उडी मारल्यावर यांपैकी कोणतेही चिन्ह दोनदा दाबले की आपण मूळ जागी परततो. ही परतीची खूण मुद्दाम करावी लागत नाही, एडिटर ती स्वतःच ठेवतो. व्हीआयच्या धर्तीवरच्या ‘व्हिम’ या एडिटरने पुढे याच कल्पनेतून 100 उड्यांपर्यंतची यादी दिली, जिच्यात मागे आणि पुढे दोन्हीकडे जाता येते. मोठ्या अक्षरांच्या खुणा तिथे एका फाइलपुरत्या नसतात, त्या दुसऱ्या फाइलमधूनही बोलावता येतात. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्रॅमने अंकांच्या दहा खुणा दिल्या होत्या, आणि ती सवय बोर्लंड या सॉफ्टवेअर कंपनीच्या एडिटरांमध्येही टिकली.

बर्कली युनिक्समध्येच केन अरनॉल्ड यांचे ‘सीटॅग्ज’ हे साधन आले. ते कोड वाचून फंक्शनांची सूची बनवते. सूचीत नाव आणि फाइल यांच्यासोबत बहुधा क्रमांक नसतो, तर व्याख्येची ओळ, म्हणजे फंक्शन जिथे लिहिले आहे ती ओळ, शोधण्यासाठी त्या ओळीचाच मजकूर असतो. त्यामुळे सूची थोडी जुनी झाली तरी उडी सहसा चुकत नाही. कार्ल फोगेल यांनी 1993 साली ईमॅक्स या एडिटरसाठी लिहिलेल्या बुकमार्कच्या सोयीतही हेच शहाणपण दिसते. एडिटर बंद झाल्यावरही खूण टिकावी म्हणून ती जागेच्या आकड्याबरोबर आजूबाजूचा थोडा मजकूरही जपून ठेवते आणि फाइल उघडल्यावर तो मजकूर शोधून जागा दुरुस्त करून घेते.

जून 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही यांच्यासह लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि भाषा जाणणारा प्रोग्रॅम यांच्यातल्या संवादाची ठरलेली पद्धत, जाहीर केला. एडिटर कर्सरची जागा कळवतो आणि भाषा जाणणारा वेगळा प्रोग्रॅम व्याख्या कुठे आहे ते सांगतो. सीटॅग्ज बहुतांशी नाव जुळवत असे, तर इथे त्या ठिकाणी ते नाव कशाचे आहे हे पाहिले जाते. त्यामुळे एकाच नावाची चार फंक्शने असली तरी सहसा योग्य तिथेच पोहोचता येते.

तरीही हाताने केलेली खूण मागे पडलेली नाही. ‘इथे गफलत असावी’ किंवा ‘उद्या इथून सुरुवात करायची’ ही नोंद भाषेच्या व्याकरणातून काढता येत नाही, ती वाचणाऱ्यालाच करावी लागते. मात्र अशा खुणेचा जुना प्रश्न गिटमुळे, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनामुळे, पुन्हा टोकदार झाला आहे. एडिटर उघडा असेपर्यंत खूण ओळीसोबत सरकते, पण शाखा (कोडची समांतर आवृत्ती) बदलली किंवा सहकाऱ्याचे बदल आणले की फाइल एडिटरच्या नजरेआड बदलते. व्हिमने डिस्कवर जपलेल्या खुणेत ओळ आणि स्तंभ यांचे आकडेच असतात. त्यामुळे वर 20 ओळी वाढल्या असतील, तर फाइल पुन्हा उघडल्यावर ती खूण हव्या त्या ओळीच्या 20 ओळी आधीच थांबते.