विक्रीपूर्व गृहसजावट

विक्रीपूर्व गृहसजावट म्हणजे घर विक्रीला काढण्याआधी भिंतींचे रंग, दिवे, फर्निचरची मांडणी आणि किरकोळ दुरुस्त्या यांच्या साहाय्याने ते पाहायला येणाऱ्यांसाठी तयार करणे. ‘होम स्टेजिंग’ हा शब्दही त्यासाठी वापरला जातो. स्वतंत्र व्यवसाय म्हणून या कामाची सुरुवात १९७० च्या दशकात अमेरिकेत झाली.

राहण्यासाठी सजवलेल्या घरात राहणाऱ्याची आवड दिसावी लागते; विकायच्या घरात ती मागे सरावी लागते. घर पाहायला आलेला माणूस एका खोलीत जेमतेम मिनिटभर थांबतो. तेवढ्यात त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात : खोली केवढी आहे, तिथे उजेड किती येतो आणि घर नीट राखले आहे का. भडक भिंत, खच्चून भरलेले कपाट किंवा छतावरचा पिवळा डाग दिसला की नजर तिथेच अडकते आणि या तीन गोष्टी राहून जातात. नजर अडकू न देणे हेच रंगाचे आणि मांडणीचे काम.

कामाचा क्रम. आधी सामान कमी करायचे, मग दुरुस्ती, मग रंग, त्यानंतर दिवे, फर्निचर आणि सर्वांत शेवटी छायाचित्रे. हा क्रम उलटला की पैसे दोनदा खर्च होतात. रंग झाल्यावर भिंतीवरचे जुने कपाट हलवले, तर त्यामागे जुन्या रंगाचा चौकोन आणि खिळ्यांची भोके निघतात. त्या जागेवर वेगळा हात मारला की नवा चौकोन तयार होतो. रंगारी येण्यापूर्वीच भिंतीवर काय राहणार आणि काय जाणार हे ठरलेले असावे.

भिंतीची तयारी. रंगकामातला निम्म्याहून अधिक वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. ओल असेल तर आधी ती कुठून येते ते शोधावे : गळका पाइप, बाहेरच्या भिंतीची भेग, न्हाणीघराच्या फरशीचे उघडे सांधे किंवा जमिनीतून चढणारे पाणी. कारण दूर करून भिंत पूर्ण वाळू द्यावी लागते आणि त्याला काही आठवडे लागू शकतात. ओल्या भिंतीवर दिलेला रंग आतली वाफ अडवतो. मग त्याला फुगे येतात, पोपडे सुटतात आणि पाण्याबरोबर आलेले क्षार पांढऱ्या पिठासारखे वर येतात. हा लोणा पाण्याने धुतला तर विरघळून पुन्हा भिंतीत मुरतो, म्हणून तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा.

पाण्याचे, धुराचे आणि तेलकट डाग पाण्यात मिसळणाऱ्या इमल्शनने झाकले जात नाहीत. रंगातले पाणी डागातली द्रव्ये विरघळवते आणि रंग वाळताना ती पृष्ठभागावर येतात. त्यामुळे तीन हात दिले तरी तोच तपकिरी डाग पुन्हा उमटतो. अशा जागी तेल किंवा लाख-आधारित डागरोधक प्रायमरचा एक हात द्यावा, तो वाळला की इमल्शन लावावे. बुरशी आधी बुरशीनाशकाने मारायची असते. नुसती रंगवली तर ती रंगाखाली वाढत राहते.

केसाएवढ्या भेगेत थेट पुट्टी भरली तर ती नीट बसत नाही. पुट्टी लावायच्या पत्र्याच्या टोकाने भेग थोडी रुंद करावी, धूळ झटकावी, पुट्टी दोन पातळ थरांत भरावी आणि वाळल्यावर आधी १२० व मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी. घासलेल्या जागेवर बल्ब भिंतीला लागून आडवा धरला, तर दिवसाउजेडी न दिसणारे उंचवटे सावलीसकट दिसतात. भरलेल्या प्रत्येक जागेला प्रायमर द्यायलाच हवा, कारण पुट्टी रंग अधिक शोषते आणि तेवढा भाग वेगळ्या चमकीचा दिसतो. फार जुन्या घरांतील रंगाच्या थरांत शिसे असण्याची शक्यता असते (अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली). असे थर कोरडे घासू नयेत. त्यांची धूळ विषारी असते, लहान मुलांना तर विशेषच.

रंगाची निवड. ‘सगळीकडे पांढरा मारून टाका’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो अपुरा आहे. अंधाऱ्या खोलीत शुद्ध पांढरी भिंत उजळत नाही, राखाडी आणि मळकी दिसते. पांढऱ्याला पांढरे दिसण्यासाठी पुरेसा उजेड पडावा लागतो. अशा खोलीत किंचित उबदार झाक असलेला फिका रंग अधिक प्रसन्न दिसतो.

शेड कार्डावर बहुधा प्रकाश-परावर्तन मूल्य छापलेले असते. शून्य म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. विकायच्या घरातील बहुतेक भिंतींसाठी ६० ते ७५ या पट्ट्यातील रंग सुरक्षित ठरतात. छत त्याहून फिके, ८० च्या पुढचे असावे. ५० च्या खाली गेलेला रंग छायाचित्रात प्रत्यक्षाहून गडद उतरतो आणि खोली लहान भासते.

खरी परीक्षा झाकेची असते. प्रत्येक फिक्या रंगात पिवळी, गुलाबी, हिरवी किंवा निळी झाक दडलेली असते आणि एकटे कार्ड पाहून ती कळत नाही. तेच कार्ड कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवले की झाक लगेच दिसते. ‘राखाडी’ म्हणून निवडलेला रंग भिंतीवर जांभळट निघाला, ही या कामातली नेहमीची तक्रार. कारण नेमके हेच. जमिनीचाही विचार करावा लागतो. लालसर लाकडी जमीन आपला रंग भिंतीच्या खालच्या भागावर फेकते, खिडकीबाहेरचे झाड खोलीत हिरवट उजेड सोडते. जमीन, ओट्याचा दगड आणि न्हाणीघराच्या टाइल्स बदलायच्या नसतील, तर भिंतीची झाक त्यांच्या झाकेशी जुळवावी. पिवळट टाइल्सशेजारी निळसर पांढरी भिंत आली की टाइल्स जुनाट आणि घाणेरड्या दिसतात, मग त्या कितीही घासलेल्या असोत.

शेजारच्या रंगामुळे एखादा रंग बदललेला का दिसतो याची पद्धतशीर मांडणी फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजीन शेव्हरल यांनी १८३९ मध्ये केली. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपट विणणाऱ्या (टॅपेस्ट्री) कारखान्यात रंगाई विभाग सांभाळताना काही धाग्यांचे रंग फिके असल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या आणि दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यात असल्याचे त्यांना आढळले. जुन्या भिंतीवर नव्या रंगाचे लहान ठिपके मारून निवड करू नये, ते याचसाठी : जुना रंग नव्याला बिघडवतो. त्याऐवजी किमान ए४ आकाराच्या जाड कागदावर दोन हात द्यावेत, कडेला पांढरी पट्टी सोडावी आणि तो कागद खोलीच्या प्रत्येक भिंतीवर धरून सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून पाहावा. चार भिंती एकमेकींवर रंग परावर्तित करतात, त्यामुळे कार्डावरचा रंग खोलीत अधिक तीव्र होतो. दोन छटांमध्ये मन अडकले तर फिकी आणि कमी भडक छटा घ्यावी.

बैठकीची खोली, मार्गिका आणि त्यांतून दिसणाऱ्या खोल्या शक्यतो एकाच रंगाच्या असाव्यात. दारागणिक रंग बदलला की घराचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा लहान वाटतो. लांबट, अरुंद खोलीत टोकाची भिंत थोडी गडद केली की ती जवळ येते आणि खोलीचे प्रमाण सुधारते. मात्र आखूड खोलीत हाच उपाय उलटा पडतो. ठळक रंगाला पूर्ण मज्जाव नाही. त्याची जागा उशांच्या अभ्र्यांवर, एखाद्या चित्रात, फुलदाणीत आहे. अंतर्गत सजावटीत ६०-३०-१० असे प्रमाण सांगतात : साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के दुय्यम, दहा टक्के ठळक. विक्रीच्या घरात ते दहा टक्केही पाचांवर आणलेले चांगले.

रंग किती लागतो, काय बिघडते. गुळगुळीत भिंतीवर १ लिटर इमल्शन एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर पुरते. ४ मीटर लांब, ३.५ मीटर रुंद आणि २.८ मीटर उंच खोलीचा घेर १५ मीटर, म्हणजे भिंती ४२ चौरस मीटर. एक दार आणि एक खिडकी वजा केली की सुमारे ३८.५ उरतात, दोन हातांना ७७. कमीत कमी व्याप्ती धरून ८ लिटर रंग घ्यावा, छतासाठी वेगळा ३ लिटर. डबे एकाहून जास्त असतील तर सुरुवातीलाच मोठ्या बादलीत एकत्र करावेत, कारण दुकानातल्या टिंटिंग (छटा मिसळणाऱ्या) यंत्रावर बनवलेल्या दोन डब्यांत बारीक फरक राहू शकतो आणि तो भिंतीच्या मधोमध उघडा पडतो. अर्धा लिटर मागे ठेवावा. घर दाखवण्याच्या काळात बॅगा आणि खुर्च्या भिंतीला घासतातच.

भिंतींना मॅट (बिनचमकीचा), दारे-चौकटींना सॅटिन (मंद चमकीचा). मॅट रंग भिंतीचा उंचसखलपणा लपवतो आणि त्यावर नंतर केलेली डागडुजी उठून दिसत नाही. चकचकीत रंग प्रत्येक खड्डा दाखवतो. कडा ब्रशने आणि मधला भाग रोलरने करताना ब्रशची रेघ वाळण्याआधी रोलर तिच्यावर चढायला हवा. कडा सकाळी आणि मधला भाग दुपारी केला, की प्रत्येक भिंतीला चौकटीसारखी किनार दिसते. म्हणून एक भिंत पूर्ण झाल्याशिवाय थांबू नये. गडद लाल किंवा निळ्या भिंतीवर फिका रंग दोन हातांत बसत नाही. आधी प्रायमरचा हात द्यावा, नाहीतर चार हात मारूनही सांध्यांत जुना रंग डोकावतो. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळावा, साधारणतः २ ते ४ तास. हवा दमट असेल तर अधिक. मास्किंग टेप शेवटचा हात थोडा ओला असतानाच, स्वतःकडे तिरका ओढून काढावा. पूर्ण कडक झाल्यावर ओढला तर कडेचा रंग सोलून निघतो.

इमल्शन हाताला काही तासांत वाळलेले लागले, तरी पूर्ण पक्के व्हायला दोन ते चार आठवडे घेते. पहिली पाहणी ठरण्याच्या किमान एक आठवडा आधी रंग आटोपलेला असावा. ताज्या रंगाचा वास आला की पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो : ‘काय झाकले असेल?’

स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. इथे सगळे बदलण्याचा मोह टाळावा. कपाटांच्या दारांवरील तेलकट थर काढून, पॉलिश पेपरने हलके घासून, गुळगुळीत पृष्ठभागाला घट्ट धरणारा प्रायमर आणि रंगाचे दोन हात दिले की जुनी कपाटे बरीच नवी दिसू लागतात. तेलकटपणा राहिला तर रंग हँडलजवळ पहिल्यांदा सुटतो. हँडल बदलताना जुन्या भोकांचे मध्य ते मध्य अंतर मोजावे, बहुधा ९६ किंवा १२८ मिलिमीटर असते. तेच अंतर घेतले तर नवी भोके पाडावी लागत नाहीत. टाइल्समधील काळपट सांधे २ ते ३ मिलिमीटर खरवडून पुन्हा भरावेत आणि बेसिन-टबाभोवतीचे काळे पडलेले सिलिकॉन पूर्ण कापून काढावे. जुन्यावर नवे सिलिकॉन चिकटत नाही.

दिवे. एका खोलीत एकाच वर्णतापमानाचे (उजेड किती पिवळा वा पांढरा हे केल्विनमध्ये सांगणारा आकडा) बल्ब हवेत. बैठक आणि झोपण्याच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विन, स्वयंपाकघर-न्हाणीघरात ४००० पर्यंत. पिवळा आणि पांढरा बल्ब शेजारीशेजारी लागले की एकच भिंत दोन रंगांची दिसते, आणि कॅमेरा त्यांतला एकच सुधारू शकतो. बल्बचा रंगदर्शन निर्देशांक (त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे १०० पैकी माप) ९० च्या वर असावा. कमी असेल तर काळजीपूर्वक निवडलेली भिंत रात्री निस्तेज दिसते.

मांडणी. प्रत्येक खोलीतील एक तृतीयांश सामान बाहेर काढले तरी बहुधा पुरेसे होते. मुख्य वाटा ७५ ते ९० सेंटिमीटर मोकळ्या ठेवाव्यात, सोफा आणि टेबल यांत ४० ते ४५ सेंटिमीटर. गालिचा लहान असेल तर खोली लहान दिसते. निदान सोफ्याचे पुढचे पाय त्यावर यावेत. पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीच्या १० ते १५ सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना २० सेंटिमीटर बाहेर लावला की पडदा काचेवरून पूर्ण सरकतो आणि खिडकी मोठी वाटते. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेवावा. पूर्ण रिकामी खोली मात्र ठेवू नये. मापाला आधार नसल्याने ती असते त्याहून लहान वाटते, पलंग बसेल की नाही हे समजत नाही. भिंतीतली कपाटे पाहणारे उघडतातच. तिथला तिसरा हिस्सा रिकामा असेल तर जागा पुरेशी आहे हे न सांगता कळते.

सर्वांत जवळून पाहिली जाणारी जागा म्हणजे बटणांचा बोर्ड. घर पाहायला आलेला प्रत्येक जण दिवा लावतो, आणि तेव्हा त्याचा चेहरा भिंतीपासून हातभर अंतरावर असतो. भोवतीचे बोटांचे काळे ठसे, पिवळी पडलेली पट्टी, पट्टीवर उडालेले रंगाचे शिंतोडे हे सारे तो तिथे पाहतो. रंगकामापूर्वी वीज बंद करून पट्ट्या उतरवाव्यात; भिंतीचा रंग पट्टीच्या कडेमागे थोडा जाईल एवढाच लावून त्या पुन्हा बसवाव्यात.

मर्यादा. सजावट आणि लपवाछपवी यांतली रेघ स्पष्ट आहे. सुधारलेली भेग रंगवणे योग्य. चालू गळतीवर रंग मारणे ही फसवणूक, आणि माहीत असलेला दोष दडवल्यास अनेक देशांत विक्रेत्यावर कायदेशीर जबाबदारी येते. कपाट सरकवून ओल झाकणेही त्यातच येते. दुरुस्ती केली असेल तर तिची पावती आणि आधीची छायाचित्रे दाखवायला ठेवावीत. ताज्या रंगाबद्दलचा संशय त्यांनी फिटतो. संगणकावर फर्निचर बसवलेली छायाचित्रे वापरली तर तसे चित्राखाली लिहावे, आणि भिंतीचा रंग, खिडकीबाहेरचे दृश्य किंवा खोलीचे माप त्यात बदलू नये. छायाचित्र काढताना कॅमेरा १.२ ते १.४ मीटर उंचीवर, समतल धरावा. फार रुंद कोनाच्या भिंगाने खोली ताणली, तर प्रत्यक्ष दारात उभा राहिलेला माणूस पहिल्याच पावलाला हिरमुसतो.