टाकीच्या तळातले पाणी रोज काढा
(विमान-इंधन साठवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

आमच्याकडून टाकी, फिल्टर किंवा पंप घेणाऱ्या प्रत्येकाला आमची पहिली विनंती हीच असते. बाकीची काळजी त्यानंतर.

जेट ए-१ (जेट विमानांचे इंधन) कितीही स्वच्छ आले तरी त्यात थोडे पाणी विरघळलेले असतेच. रात्री टाकी गार झाली की ते सुटे होऊन तळाशी बसते. व्हेंटमधून (टाकीच्या हवेच्या वाटेतून) शिरलेल्या दमट हवेचे पाणी वेगळेच. इंधन आणि पाणी यांच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात. त्यांचा चिकट थर फिल्टर बुजवतो, टाकीचा पत्रा खातो. आणि उंचावरच्या थंडीत पाण्याचा बर्फ होतो. १७ जानेवारी २००८ रोजी हीथ्रोवर उतरणाऱ्या बोइंग ७७७ ची दोन्ही इंजिने अशाच बर्फामुळे ऐनवेळी मंदावली आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच टेकले. त्या इंधनातले पाणी नेहमीइतकेच होते, हे विशेष लक्षात घ्यावे. म्हणूनच जमिनीवर टाळता येणारा थेंबही आम्हाला चालत नाही.

टँकर रिकामा झाल्यावर लगेच इंधन उपसू नका. खोलीच्या दर मीटरमागे सुमारे ३ तास ते स्थिर राहू द्या, मग तळाचा कॉक जोरात उघडून निचरा करा. नमुना काचेच्या स्वच्छ बरणीत घेऊन गरगर फिरवा: गढूळपणा, कण किंवा तळाशी थेंब दिसता कामा नये. जेट ए-१ रंगहीन ते फिकट पिवळसर असते, तर १०० एलएल (पिस्टन इंजिनाच्या विमानांचे पेट्रोल) निळे. बरणीत भलताच रंग दिसला तर काम तिथेच थांबवा. पिस्टन इंजिनात जेट इंधन गेले तर उड्डाणानंतर इंजिन बंद पडू शकते.

इंधन उतरवून घेण्याआधी घनताही मोजा. १५ अंश सेल्सिअसला आणलेला आकडा प्रमाणपत्रातल्या आकड्यापेक्षा दर घनमीटरला ३ किलोहून अधिक वेगळा असेल, तर खुलासा होईपर्यंत टँकर उतरवू नका.

पाइपलाइनमध्ये तांब्याचे किंवा जस्ताचा मुलामा दिलेले तुकडे जोडू नका. या धातूंचा अंश उतरला की तापल्यावर इंधन लवकर बिघडते. प्लंबरने सोयीसाठी बसवलेला एखादा जोड इथे महागात पडतो.

फिल्टरमधून वाहताना इंधनात स्थिर वीज साठते. त्यामुळे विमानाच्या टाकीचे झाकण उघडण्याआधी बाँडिंगची तार (विमान आणि इंधन भरण्याचे साधन यांना जोडणारी) लावा आणि नळी काढून झाकण बसवल्यावरच ती सोडा. निचऱ्यासाठी प्लास्टिकची बादली वापरू नका.

नमुन्याबद्दल शंका आली तर इंधन भरणे थांबवा, बरणी सीलबंद करून ठेवा आणि आम्हाला कळवा. टाकी पुन्हा सुरू करण्याचा निर्णय तपासणीनंतरच घ्यावा.