अशक्त वासराला आधी ऊब, मग चीक

दूध पाजण्याची बाटली, नळी किंवा इलेक्ट्रोलाइट (क्षारांची) पावडर आमच्याकडून नेणाऱ्या पशुपालकांसाठी

जन्मल्यापासून साधारण दोन तासांत वासराने उठून सड धरायला हवा. ते मान टाकून पडले असेल, तोंडात बोट घातल्यावर चोखत नसेल, तर थांबू नका. अशा वासरासाठी बहुतेक जण आधी टॉनिक मागतात. पहिल्या दिवशी त्याची गरज नसते. ऊब आणि चीक (व्यायल्यानंतरचे पहिले दाट दूध) वेळेत मिळणे हेच खरे औषध.

गुदद्वारात थर्मामीटर लावा. १०१ ते १०३ अंश फॅरेनहाइट ठीक. १०० च्या खाली असेल तर कोरड्या गोणपाटाने अंग जोरात चोळून सुकवा, जाड कोरड्या गवतावर ठेवा, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही बाजूंना लावा. एका कुशीवर पडू देऊ नका, खालचे फुप्फुस दबते. पाय पोटाखाली घेऊन छातीवर बसवा. अंग गार पडून गिळणे बंद झालेल्या वासराच्या तोंडात दूध ओतले तर ते थेट फुप्फुसात जाते.

चीक वजनाच्या दहा टक्के, म्हणजे ३० किलोच्या वासराला २४ तासांत ३ लिटर. त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत, थोडा थोडा करून. गाई-म्हशीची रोगप्रतिकारशक्ती गर्भात वासराकडे जात नाही, ती चिकातूनच मिळते. ती शोषून घेण्याची आतड्याची ताकद सहा तासांनंतर झपाट्याने घटते आणि दिवसभरात जवळपास संपते. चीक साठवलेला असेल तर भांडे कोमट पाण्यात ठेवून अंगाइतका गरम करा. थेट आचेवर ठेवला की तो फाटतो आणि त्यातले गुण जातात.

बाटलीने पाजताना डोके पाठीपेक्षा थोडे वर असावे, फार वर नको. निपलचे छिद्र मोठे करू नका. ठसका लागला की लगेच थांबा.

चोखतच नसेल तर तोंडातून अन्ननलिकेत नळी घालून पाजा. पहिल्यांदा पशुवैद्यकाकडून शिकूनच घाला. गळ्यावर बाहेरून हात फिरवला की दोन नळ्या जाणवल्या पाहिजेत: एक कड्याकड्यांची, ती श्वासनलिका, आणि शेजारी आपण घातलेली. एकच लागली तर नळी चुकीच्या जागी आहे. काढा आणि पुन्हा घाला. काढताना ती चिमटीत दाबून धरा, उरलेले थेंब श्वासनलिकेत पडत नाहीत.

नाळ ७ टक्के टिंक्चर आयोडीनमध्ये पूर्ण बुडवा, वरवर लावू नका. दोन-तीन दिवस रोज.

हगवण लागली तर दूध तोडू नका, उपाशी वासरू आणखी खचते. दोन दुधांच्या मध्ये इलेक्ट्रोलाइटचे पाणी द्या, दुधापासून दीड-दोन तास लांब. पावडरमध्ये खायचा सोडा असल्यास तो पोटात दूध विरजू देत नाही, म्हणून हे अंतर. पाकिटावर लिहिले तितकेच पाणी घाला. दाट केल्यास हगवण वाढते. मानेची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर लगेच पूर्ववत होत नसेल, डोळे खोल गेले असतील आणि उठता येत नसेल, तर तोंडावाटे दिलेले पाणी पुरणार नाही. शिरेतून सलाइन लागते, पशुवैद्यकाला त्याच वेळी बोलवा. अँटिबायोटिक स्वतःच्या अंदाजाने देऊ नका.

बाटली आणि नळी आधी कोमट पाण्याने खंगाळा, मग गरम पाणी व साबण. आधीच कढत पाणी घातले की दूध आतून चिकटून बसते. आजारी वासराची बाटली वेगळीच ठेवा.