जेनिंग्ज खटला

बोटांच्या ठशांचा पुरावा अमेरिकेतील वरिष्ठ न्यायालयाने पहिल्यांदा ग्राह्य धरला तो शिकागोतील या खून खटल्यात. इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ डिसेंबर १९११ रोजी थॉमस जेनिंग्जची शिक्षा कायम केली आणि १६ फेब्रुवारी १९१२ रोजी त्याला फाशी झाली. ‘ठशाने पकडलेला पहिला खुनी’ अशी त्याची ओळख अनेक ठिकाणी वाचायला मिळते, पण ती चुकीची आहे. जेनिंग्ज ठशामुळे पकडला गेला नव्हता.

घटना १९ सप्टेंबर १९१० ची. क्लॅरन्स हिलर हा रेल्वेतला कारकून शिकागोच्या दक्षिण भागात बायको-मुलांसह राहत होता. रात्री दोनच्या सुमारास त्याच्या पत्नीला जाग आली. मुलीच्या खोलीजवळचा गॅसचा दिवा रात्रभर तेवत असे, तो विझलेला दिसला. हिलर पाहायला गेला आणि जिन्याच्या तोंडाशी एका अनोळखी माणसाशी त्याची झटापट झाली. दोघेही जिन्यावरून गडगडत खाली आले, गोळ्या सुटल्या आणि हिलर जागीच गेला.

मारेकरी पळाला, पण फार लांब जाऊ शकला नाही. घरापासून मैलभराच्या आतच, ड्यूटी संपवून घरी जायला ट्रामची वाट पाहत उभ्या असलेल्या काही पोलिसांच्या नजरेला एक माणूस पडला. कपड्यांवर रक्त, हाताला दुखापत, खिशात भरलेले रिव्हॉल्व्हर. ट्रामवरून पडलो, असे तो म्हणाला. खुनाची बातमी तोवर या पोलिसांपर्यंत पोहोचलीही नव्हती, तरी त्यांनी त्याला सोडले नाही. हाच जेनिंग्ज, ऑगस्टमध्येच जोलिएटच्या तुरुंगातून पॅरोलवर सुटलेला. मृतदेहाजवळ सापडलेली काडतुसे त्याच्या रिव्हॉल्व्हरमधल्या काडतुसांसारखीच निघाली. जुन्या काळच्या पोलिसी नजरेने आपले काम केले होते. मात्र प्रत्यक्ष घरात तो होता हे सांगणारे तोपर्यंत काही नव्हते.

ते मागच्या पोर्चच्या कठड्यावर मिळाले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरण्यासाठी चोराने या कठड्याचा आधार घेतला होता. कठडा नुकताच रंगवलेला होता आणि ओल्या रंगात डाव्या हाताच्या चार बोटांचे ठसे स्वच्छ उमटले होते. पोलिसांनी कठड्याचा तेवढा तुकडा कापून नेला आणि ठशांची मोठी छायाचित्रे काढून ती जेनिंग्जच्या बोटांच्या कागदावरील ठशांशी जुळवली.

इथे एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या वेळी पोलिसांचे ठशांचे दप्तर हेन्री पद्धतीने लावलेले असे आणि त्या पद्धतीला दहाही बोटे लागत. बोटावरची रेघांची नक्षी, म्हणजे आपल्याकडे ज्याला शंख-चक्र म्हणतात ती, पाहायची. बोटांच्या पाच जोड्या करून चक्र असलेल्या बोटाला जोडीनुसार १६, ८, ४, २ किंवा १ गुण द्यायचे आणि त्यांच्या बेरजांवरून अपूर्णांकासारखा अंक काढायचा. त्यातून १,०२४ कप्पे होतात. हाती दहा बोटे असतील तर कार्ड लवकर सापडे. एका हाताची चार बोटे असतील, तर हजारो कार्डे एकेक करून चाळण्यावाचून गत्यंतर नसे. थोडक्यात, संशयित आधी हाती लागायचा आणि ठसा त्याच्याशी नंतर ताडायचा. ही पद्धत लंडनहून अमेरिकेत गेली, पण ती घडली कोलकात्यात. एडवर्ड हेन्री तिथे बंगाल पोलिसांचे प्रमुख होते. पद्धतीला नाव त्यांचे मिळाले, गणिताचा मोठा भाग मात्र अझीझुल हक यांचा आणि पुढची भर हेमचंद्र बोस यांची.

अमेरिकेत ती रुजली १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनामुळे. व्हिक्टोरिया राणीला मिळालेल्या भेटवस्तू तिथे मांडल्या होत्या आणि त्यांच्या राखणीसाठी स्कॉटलंड यार्डचे जॉन फेरियर आले होते. राखण करता करता त्यांनी तिथल्या पोलिसांना ठशांचे धडे दिले. या शिष्यांपैकी दोघे पुढे जेनिंग्ज खटल्यात साक्षीला उभे राहिले: ओटावाचे एडवर्ड फॉस्टर आणि शिकागोच्या मेरी हॉलंड. हॉलंडबाई पतीसोबत गुप्तहेरांसाठी एक मासिक चालवत. ज्या काळात अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत बायकांना मतदानाचा हक्कही नव्हता, त्या काळात खुनाच्या खटल्यात त्या तज्ज्ञ म्हणून बोलल्या.

ठशांच्या आधी तुरुंगांत कैद्यांची ओळख पटवायला बर्तियों पद्धत चाले. डोके, मधले बोट, पाऊल, कोपरापासूनचा हात अशी अकरा मापे घेऊन ती कार्डावर लिहीत. ती मागे पडण्याबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९०३ मध्ये कॅन्ससच्या लेव्हनवर्थ तुरुंगात विल वेस्ट नावाचा कैदी आला. त्याची मापे आणि चेहरा दोन्ही आधीच तिथे असलेल्या विल्यम वेस्टशी जुळले, मग ठसे घेतले तेव्हा दोघे वेगळे निघाले आणि मापांचा त्याच दिवशी निकाल लागला. दोन्ही वेस्ट खरे होते, बाकीचे नाट्य मागाहून रचलेले आहे. लेव्हनवर्थमध्ये ठसे घेणे सुरूच झाले १९०४ मध्ये. ठसे जिंकले ते स्वस्ताईमुळे. मापे घ्यायला महागडी साधने आणि शिकलेला हात लागे, आणि दोन कारकुनांची मापे अनेकदा जुळत नसत. ठशाला शाई आणि कागद पुरे.

वरच्या न्यायालयात जेनिंग्जच्या वकिलांचा मुख्य मुद्दा असा होता की, असा पुरावा घ्यावा असे इलिनॉयच्या कायद्यात कुठेही नाही. न्यायालयाने तो फेटाळला. ठशांच्या शास्त्राला पक्का आधार आहे, ते सामान्य माणसाच्या माहितीतले नाही, म्हणून तज्ज्ञाची साक्ष घेणे योग्यच, असा निर्वाळा दिला. आधार म्हणून इंग्लंडमधला अनुभव दाखवला आणि सोबत चक्क एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचाही हवाला दिला. एका माणसाच्या फाशीच्या निकालात विश्वकोशातली नोंद आधाराला घेतली जावी, हे विश्वकोशासाठी लिहिणाऱ्याला जरा अस्वस्थ करणारे आहे.

या निकालाआधी, १९११ च्याच मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये सीझर सेला या चोराचा खटला चालला होता. तिथे ठशाखेरीज दुसरा पुरावा जवळपास नव्हता. पोलीस अधिकारी जोसेफ फॉरो यांना न्यायाधीशांनी बाहेर पाठवले, पंधराएक जणांनी खिडकीच्या काचांवर बोटे टेकवली आणि त्यांतल्या एकाने दुसऱ्या काचेवर पुन्हा ठसा दिला. फॉरो आत आले आणि त्यांनी तो माणूस बिनचूक ओळखला. त्यानंतर सेलाने गुन्हा कबूल केला.

जेनिंग्जच्या निकालाचा दाखला पुढे इतर राज्यांतल्या न्यायालयांनीही घेतला आणि ठसा म्हणजे अचूक अशी समजूत घट्ट झाली. तिला मोठा तडा गेला २००४ मध्ये. माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटातला एक ठसा ‘एफबीआय’च्या तज्ज्ञांनी ऑरेगनमधल्या एका वकिलाचा ठरवला आणि त्याला कोठडीत टाकले. स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा एका अल्जेरियन माणसाचा असल्याचे दाखवल्यावर ‘एफबीआय’ला माफी मागावी लागली. किती खुणा जुळल्या म्हणजे ठसा जुळला, याचा ठरावीक आकडा अमेरिकेत आजही नाही.